तळाला ठेवलेला फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी शिताफीने टाळते — जणू मी बोलले नाही तर त्याला पत्ताच लागणार नाही. सहा वर्षं झाली. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मालनताईंनाही ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडत नाही, अनोळखी माणसासमोर उघडतं — याला धाडस म्हणतात का? नाही म्हणत. पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.

मी कुपवाडला राहते. माहेर साताऱ्याचं. नवरा इथल्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो आणि मी घरी फोटो छापून देते. दुकान नाही, पाटी नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी एक टेबल, त्यावर जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठा असा फोटो प्रिंटर. मोबाइलमधले फोटो लोक मला पाठवतात, मी छापून देते. वाढदिवसाचे, डोहाळजेवणाचे, शाळेच्या अर्जाचे, गेलेल्या माणसांचे. एवढंच माझं काम, आणि या कामाचा मला फार अभिमान होता. होता — आता काय आहे ते मला नीट सांगता येत नाही.

हा प्रिंटर म्हणजे मिक्सरसारखा असतो. यंत्र एक, भांडी अनेक. पोस्टकार्ड मापाच्या फोटोचा ट्रे वेगळा, पाकिटात ठेवायच्या छोट्या फोटोचा वेगळा, चौकोनी स्टिकरचा वेगळा. बाहेर न्यायचा असेल तर वरून लावायची बॅटरी. मला या जोडवस्तूंचा सोसच होता. बाकीच्या बायका मोबाइलवर साड्या बघायच्या, मी ट्रे बघत बसायचे. प्रत्येक ट्रेला मी कापडी पिशवी शिवली होती आणि पिशवीवर रंगीत दोऱ्याने माप घातलं होतं. गल्लीत कुणाच्या घरी पसारा दिसला की सासवा सुनांना म्हणायच्या, जा, वैनींचं टेबल बघून ये. ऐकून मला गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला बोलू? प्रत्येकाला कशाचा ना कशाचा माज असतो, मला टापटिपीचा होता.

आणि त्याच टेबलावर — थांबा, आधी ट्रेचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पोस्टकार्ड मापाचा मूळचा ट्रे एकदा माझ्या हातून फरशीवर पडला आणि त्याचं झाकण निखळलं. कंपनीचा दुसरा महाग पडत होता, म्हणून मोबाइलवरून एक बिननावाचा मागवला. दिसायला अगदी तसाच, फक्त त्याची स्प्रिंग कमजोर. कागद तळाला आले की रोलरपर्यंत उचलले जायचे नाहीत. प्रिंटर नुसता घरघरायचा आणि कागद संपला म्हणून दिवा लावायचा. त्यावर मी तोड काढली. जुन्या लग्नपत्रिकेचा एक तुकडा बरोबर मापाने कापला आणि कागदांच्या गठ्ठ्याखाली, तळाला, टेकू म्हणून ठेवला. त्याच्या जाडीने कागद वर उचलले जायचे आणि काम सुरळीत व्हायचं. एक पथ्य मात्र पाळावं लागे. ट्रेमध्ये एरवी अठरा कागद बसतात. टेकू घातला की सतराच घालायचे, आणि सतरा छापून झाले की थांबायचं. नाहीतर रोलर तळाचा टेकूही आत ओढणार. हे मला पाठ होतं, माझ्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं.

त्या वर्षी पावसाळ्यात नदी सांगलीत शिरली. कुपवाड उंचावर, आम्हाला काही झालं नाही. पण नदीकाठच्या घरांत माळ्यापर्यंत पाणी गेलं, आणि पाणी उतरल्यावर लोकांनी सगळं बाहेर काढून टाकलं — गाद्या, धान्य, कपाटं. अल्बम तेवढे टाकवेनात. चिखलाने माखलेले अल्बम घेऊन लोक माझ्याकडे यायचे आणि यातलं काही निघतंय का बघा म्हणायचे. बहुतेकदा काही निघायचं नाही. ओल्या फोटोचं काय होतं ते मी तेव्हा शिकले. दोन फोटो एकमेकांना चिकटतात. ओढले की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला जातो. नुसतं बोट लावलं तरी रंग सायीसारखा सरकतो. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे. शिकलेलं माणसाच्या कुठे कामाला येतं ते पुढे कळेलच.

मालनताई त्या पुरातल्याच. घर गेलं म्हणून आमच्या गल्लीत एका खोलीत भाड्याने राहायला आल्या, त्या आणि त्यांची लेक अश्विनी. नवरा गेला तेव्हा अश्विनी दोन वर्षांचीही नव्हती. मोटारसायकलला ट्रकने उडवलं. तेव्हापासून ही बाई कारखान्यांत एकट्या राहणाऱ्या कामगार पोरांना भाकरी करून द्यायची. दिवसाला शंभर-सव्वाशे भाकरी, हातावर थापलेल्या. त्यावर लेकीला पदवीपर्यंत शिकवलं. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, पण गल्लीतल्या सगळ्यांसारख्या मला वैनीच म्हणायच्या. काम उरकलं की एक गरम भाकरी फडक्यात गुंडाळून माझ्या दारात आणून द्यायच्या आणि उंबऱ्यावर बसून दोन गोष्टी बोलायच्या. सांगताना लाज वाटते, पण खरं आहे — ती बाई मला मनापासून आवडायची.

त्यांचेही अल्बम पुरात गेले होते. लग्नाचे, बारशाचे, सगळे. नवऱ्याचा म्हणून एकही फोटो उरला नव्हता. आणि दसऱ्याच्या सुमाराला अश्विनीचं लग्न ठरलं, शिरवळच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाशी. अश्विनीने आईजवळ एकच हट्ट धरला. मांडवात बाबांचा मोठा फोटो हवा. खुर्चीवर, हार घालून, सगळ्यांच्या पुढे. बाप तिला आठवत नव्हता. चेहरा फक्त फोटोतला माहीत होता, आणि आता तोही नव्हता.

मालनताईंचं माहेर शिराळ्याजवळच्या गावातलं. भाऊबीजेला त्या भावाकडे गेल्या आणि त्याच्या ट्रंका, कपाटं, देव्हाऱ्याखालचे डबे असं सगळं उपसून एक फोटो घेऊन आल्या. नागपंचमीला जावई सासुरवाडीला आला होता, तेव्हा शिराळ्याच्या जत्रेत फोटोवाल्याने काढलेला. रंगीत, मॅक्सी साईजचा, म्हणजे बरोबर पोस्टकार्डाएवढा. पांढऱ्या शर्टातला एक तरुण, उन्हाने डोळे बारीक केलेले. खांद्यावर वर्षाची अश्विनी, आणि तिने बापाचे केस दोन्ही मुठींत घट्ट धरलेले. मागे मिरवणुकीची गर्दी. बापलेकीचा एकत्र असा तो एकच फोटो, आणि आता त्या माणसाचाही तो एकच.

लग्नाला पंधरा दिवस असताना, एका संध्याकाळी, मालनताई तो घेऊन माझ्याकडे आल्या. फोटो कागदी पाकिटात, पाकीट रुमालात, रुमाल पिशवीत. पिशवीतून आधी पाण्याची बाटली काढून बाजूला ठेवली, मग रुमाल सोडून फोटो मला दाखवला. कोरडा, लखलखीत होता.

"वैनी, एवढा एकच हाय," त्या म्हणाल्या. "डोळ्यांत त्याल घालून संबाळा."

मी म्हणाले, माझ्याकडून आजवर कुणाचं काही हरवलंय का? उद्या सकाळी चांगल्या उजेडात मोबाइलवर त्याची प्रत काढते आणि मोठा करायला सांगलीला पाठवते. उद्या सकाळी — तेव्हाच का नाही काढली? दोन मिनिटांचं काम होतं. पण ट्यूबलाइटची चमक फोटोवर पडत होती आणि मला काम चोख हवं होतं. मालनताई निर्धास्त होऊन गेल्या.

त्यांच्या पाठोपाठ एक बाई आल्या, मोठ्या घरच्या. मुलाचा पहिला वाढदिवस, केक दुपारीच कापून झालेला, आता घरी पाहुणे जमायची वेळ झालेली, आणि सतरा फोटो हातोहात हवेत. खुर्चीवर बसून घड्याळ बघत होत्या. मी ट्रे काढला तर तळाचा पत्रिकेचा तुकडा दुमडून गेलेला. तसाच वापरला असता तर कागद तिरके गेले असते. नवा कापायचा तर पत्रिका आतल्या कपाटात शोधावी लागणार, आणि बाई म्हणताहेत, आवरा हो जरा. मी टेबलावर नजर फिरवली. जाडसर, बरोबर मापाचा एक कागद मला हवा होता. पाकीट समोर होतं.

तुम्ही म्हणाल, शी, असं कोण करेल? मी केलं. नजरचुकीने नाही, गोंधळून नाही. पाकिटातून मालनताईंचा फोटो काढला, ट्रेच्या तळाला टेकू म्हणून ठेवला आणि वर सतरा कागद लावले. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं मनाशी म्हटलं. एवढंच नाही — चेहरा वर करून ठेवला, कारण पालथा ठेवला असता तर ट्रेच्या प्लास्टिकवर घासून त्याला चरे पडले असते. बघा, तेव्हाही मी टापटीपच होते. पालथा ठेवला असता तर निदान जे झालं ते त्याच्या पाठीवर झालं असतं.

छपाई चालू असताना बाई म्हणाल्या, अजून एक वाढवा, केक कापतानाचा. मी मोबाइलवर एक वाढवला. सतराचे अठरा झाले आणि कागद वाढवायचा राहिला.

या प्रिंटरची छपाई एका दमात होत नाही. तोच कागद चार वेळा बाहेर येतो आणि आत जातो. आतल्या रंगाच्या पट्टीवरून आधी पिवळा रंग चढतो, मग गुलाबी, मग निळा, आणि शेवटी वरून चकाकीचा थर. अठरावा कागद पहिल्या फेरीतून बाहेर आला तेव्हा तो कोरा कागद नव्हता. पांढरा शर्ट हळदीत बुडवल्यासारखा पिवळा झाला होता, त्यावर केकची आणि मेणबत्तीची पिवळी सावली, आणि त्याखाली तो माणूस, डोळे बारीक करून बघणारा. स्पष्ट दिसत होता. मी त्याच क्षणी ओळखलं.

आता नीट ऐका, कारण हे मी स्वतःलासुद्धा फार वेळा बदलून सांगितलेलं आहे. पहिल्या फेरीनंतर तो फोटो गेलेला नव्हता. पिवळा रंग काढता येतो. मोबाइलवर प्रत घ्यायची, पिवळा उतरवायचा, फोटो काळा-पांढरा करायचा — पुरातले कितीतरी चेहरे मी तसे सोडवले होते. कागद बाहेर येऊन परत आत जाईपर्यंत दोन-तीन श्वासांचा वेळ मिळतो. बटण माझ्या बोटाखाली होतं. दाबलं असतं तर छपाई थांबली असती. फार तर रंगाची पट्टी फुकट गेली असती, फार तर प्रिंटर बिघडला असता. पण बाई बघत होत्या. एका गिऱ्हाइकाचा एकुलता एक फोटो मी टेकू म्हणून वापरते, हे त्यांच्यासमोर उघडं पडलं असतं. वैनींचं टेबल बघून ये म्हणणाऱ्या गल्लीत ते दुसऱ्या दिवशी पोचलं असतं. मी बोट उचललं आणि कागद आत गेला.

गुलाबी फेरी झाली. निळ्या फेरीत उष्णतेने जुन्या फोटोचा थर रंगाच्या पट्टीला चिकटला, आतून कर्र असा आवाज आला आणि यंत्र थांबलं. मी हसून म्हणाले, कागद अडकला, तुमचा अठरावा उद्या घरपोच देते. बाई सतरा फोटो घेऊन खूश होऊन गेल्या.

इथपर्यंत तुम्ही मला एक वेळ समजूनही घ्याल. भीतीपोटी होतं माणसाच्या हातून, असं म्हणाल. म्हणूनच मी इथे थांबत नाही. थांबावंसं फार वाटतं आहे.

फोटो सोडवून काढला तेव्हा त्याचा मधला भाग पट्टीबरोबर निघून गेला होता. त्या माणसाचे डोळे, नाक, तोंड — सगळं पांढरं. पण वरचा भाग शाबूत होता. रंग बिघडलेला, तरी शाबूत. अश्विनी होती. तिच्या दोन्ही मुठी होत्या, मुठींत बापाचे केस होते, कपाळाचा थोडा तुकडा होता. बाप नव्हता, पण बापाला धरून बसलेली लेक होती. तेवढं त्यांना देता आलं असतं ना? त्यांनी ते छातीशी धरलं असतं. पण त्यावर मेणबत्ती छापली गेली होती, केकची कड होती. तो तुकडा पाहून कुणालाही कळलं असतं की हा फोटो प्रिंटरमधून गेला आहे.

मी परातीत कोमट पाणी घेतलं. फोटो त्यात भिजत घातला. पुरात काय होतं ते मला माहीत होतं. थर मऊ झाल्यावर अंगठा लावला आणि मेणबत्ती पुसली. मेणबत्तीबरोबर मुठी गेल्या. मग केक पुसला, केकबरोबर अश्विनीचं तोंड गेलं. किती वेळ लागला असेल? मेथीची जुडी निवडायला लागतो तेवढा. मी रडत नव्हते. मी काम करत होते, आणि चोख करत होते. कागद पंख्याखाली अर्धवट वाळवला, कडा फुगू दिल्या, पाकिटावर आतून पाणी शिंपडलं आणि फोटो त्याला चिकटवून ठेवून दिला. सांगायचं होतं ते हेच. फोटो माझ्या चुकीने बिघडला, पण पुसला मी जाणूनबुजून.

दुसऱ्या दिवशी मालनताई आल्या, हातात भाकरीचं फडकं. मी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणाले, "ताई, काल पिशवीत पाण्याची बाटली होती ना तुमच्या? पाकिटाला ओल लागली वाटतं. सकाळी उघडलं तर हे असं."

त्यांनी फोटो उलटा केला, सुलटा केला. मी वाट बघत होते. आता विचारतील, काल तर कोरडा होता, मीच तर तुम्हाला काढून दाखवला होता. विचारलं असतं तर मी काय बोलले असते, मला माहीत नाही. पण त्यांनी विचारलं नाही. स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाही तेवढा विश्वास त्यांनी माझ्यावर ठेवला. पिशवीत हात घालून आतून चाचपलं, आणि मग खाली बसल्या.

"बाटलीचं टोपान ढिलं हाय वैनी. कवाचं बदलीन म्हनत हुते." फोटो मांडीवर ठेवून म्हणाल्या, "माज्याच हातानं घालवलं म्या त्यास्नी."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, असू दे ताई, मुद्दाम का केलंत? हे माझे शब्द. माझ्या पापाबद्दल मी त्यांची समजूत घालत होते, आणि त्या मान हलवत होत्या.

वर मदतही केली. फोटोवाल्याकडे निगेटिव्ह असेल म्हणून त्यांना घेऊन एसटीने शिराळ्याला गेले. त्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान. तो वारलेला, निगेटिव्ह मुलाने केव्हाच भंगारात घातलेल्या. हे कळल्यावर मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. फोटो मिळाला असता तर बरं झालं असतं, असं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं की विषय मिटला. परत येताना मालनताई म्हणाल्या की मी सख्ख्या बहिणीसारखी धावले. गल्लीत त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं आणि माझं नाव आणखी मोठं झालं.

अश्विनीला त्यांनी स्वतःच सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आईशी बोलणंच बंद केलं. लग्नात खुर्ची ठेवली, खुर्चीवर नुसता नारळ. पाठवणीच्या वेळी ती मामाच्या गळ्यात पडून रडली, मामीच्या पडली, माझ्याही पडली — हो, माझ्याही. आईच्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली. मालनताई मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. मी दहा पावलांवर होते. ड्रायव्हर कुठे तरी गेला होता, गाडी सुटायला चांगला वेळ होता. दहा पावलं चालून एक वाक्य बोलायचं होतं. मी सजवलेल्या गाडीचे फोटो काढत राहिले.

वर्षभराने मायलेकी पुन्हा बोलायला लागल्या. पण मालनताईंचं एक कायमचं झालं. त्या कुणाचा फोटो, पत्रिका, कसलाही कागद हातात घेत नाहीत. रेशनकार्डसुद्धा दुसऱ्याने धरायचं. माझ्या हाताला सोसत नाही म्हणतात आणि हात पदराआड घेतात. त्याच हातांनी शंभर भाकरी थापतात, पण कागद म्हटला की मागे सरतात. आणि पिशवीत पाण्याची बाटली ठेवत नाहीत. भर उन्हात भाकरीची टोपली घेऊन कारखान्यांत फिरतात, घसा कोरडा पडतो, पण बाटली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना टायफॉइड झाला. दुपारी मी त्यांच्याजवळ बसायला जायचे. एका दुपारी ठरवून गेले होते. आज सांगायचंच. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "वैनी, सपनात येत्यात त्ये. पर तोंड न्हाई. म्या लय आटवायला बगती, निस्ता शर्ट दिसतुया." आणि मग म्हणाल्या, हे लेकीला सांगता येत नाही, तुमच्यापुढे तेवढं मन हलकं होतं. मी ग्लासात मोसंबीचा रस गाळला आणि त्यांना पाजला. सांगायचं राहून गेलं, असं म्हणणार नाही. मी सांगितलं नाही.

या सहा वर्षांत कारणं मला पुष्कळ सुचली. घाई होती, ट्रे हलका होता, बाई डोक्यावर बसल्या होत्या. ट्रेची स्प्रिंग कमजोर होती हे खरं, पण परातीतला अंगठा माझा होता. आता माझ्याकडे कंपनीचे खरे ट्रे आहेत. कुणी जुना फोटो आणला की त्याच्यासमोरच प्रत काढते आणि फोटो लगेच परत देते, टेबलावर राहूच देत नाही. लोक म्हणतात, वैनी किती काळजी घेतात. मी ऐकून घेते. तुमच्याकडे माफी मागायला मी आलेले नाही; ती तुम्ही देण्यासारखी नाही आणि मी तुमच्याकडे मागण्यासारखी नाही. एकच सांगायचं उरलंय.

गेल्या महिन्यात अश्विनीला मुलगी झाली, आणि बारसं मालनताईंच्या खोलीत झालं. मला आग्रहाचं बोलावणं होतं. प्रिंटर बरोबर आणा, फोटो इथल्या इथे छापून पाहुण्यांना देऊ. खोली बायकांनी भरलेली. बाळाचं नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. पाळण्यातल्या बाळाचा पहिला फोटो प्रिंटरमधून बाहेर आला. मी तो उचलला आणि, का ते माहीत नाही, मालनताईंच्या पुढे धरला. त्यांनी हात पुढे केला. सहा वर्षांत पहिल्यांदा केला. नात होती ना.

पाळण्याजवळून अश्विनी म्हणाली, "आईच्या हातात नको देऊ काकू. बाबांना पाण्यात घातलं तिनं, आता माझ्या पोरीला पण घालंल."

रागाने नाही, थट्टेने म्हणाली. थट्टा करता येईल इतकी आता ती गोष्ट जुनी झाली आहे. सगळ्या बायका हसल्या. मालनताईही हसल्या. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

"व्हय बया, खरं हाय," त्या म्हणाल्या. "तुमीच धरा वैनी."

फोटो माझ्याच हातात होता. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मीही हसले, सगळ्यांबरोबर, आणि तो फोटो शेजारच्या बाईकडे दिला.